तिथी पाहून निघावे : अलिबागच्या किनाऱ्यावरील सहकुटुंब भ्रमंती

मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्द यांच्यामधून वाहणारी आमची मुळा-मुठा पावसाळ्यात दुथडी भरून जाऊ लागली की घरातील एखादे मूल हमखास विचारते, हे एवढे पाणी अखेर जाते कोठे? सह्याद्रीच्या ज्या माथ्यावर या पाण्याचा उगम होतो तेथून पश्चिमेचा समुद्र वीस-पंचवीस कोसांच्या आत असताना हे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून भीमेला मिळते, भीमेबरोबर कृष्णेला मिळते आणि सारा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात विसर्जित होते, असे त्याला सांगावे लागते. आणि ते ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर उमटणारे आश्चर्य मी अनेकदा पाहिले आहे. नदीने जो समुद्र टाळला तो आपण मुलांना दाखवून आणावा, आणि तोही मोटारीच्या काचेतून किंवा उपाहारगृहाच्या सज्जातून न दाखवता त्याच्या काठाने पायी चालून दाखवावा, असे ज्यांना वाटते त्या पुणे परिसरातील कुटुंबांसाठी हा लेख आहे.

अशा भ्रमंतीसाठी अलिबागइतके सोयीचे गाव आम्हां घाटमाथ्यावरच्या लोकांना दुसरे नाही. मांजरीहून द्रुतगती मार्गाने खोपोलीपर्यंत, तेथून पेण, वडखळ, पोयनाड असे उतरत गेले म्हणजे दीडशे किलोमीटरांच्या आसपासचा हा प्रवास सकाळच्या पहिल्या प्रहरात सुरू करून भोजनाच्या वेळेपूर्वी संपवता येतो. ज्यांच्याजवळ स्वतःचे वाहन नाही त्यांनी हडपसरमार्गे स्वारगेट गाठून एस.टी. धरावी. शनिवारी सकाळी वडखळ ते अलिबाग या टप्प्यात वाहनांची मोठी दाटी होते. सबब ज्यांना मधल्या वारी रजा काढणे शक्य आहे त्यांनी ती अवश्य काढावी. हंगाम म्हणाल तर कोजागरीपासून होळीपर्यंतचा. आषाढ-श्रावणात हा समुद्र खवळलेला असतो, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही सरकारी मनाई असते, आणि ज्या पाण्यात पिढीजात कोळीबांधव नाव घालत नाहीत त्याच्या काठाशी मुले घेऊन खेळायला जाण्यात शहाणपण नाही. चैत्र-वैशाखात ऊन आणि दमट हवा यांनी वडीलधारी माणसे थकून जातात.

समुद्राचे घड्याळ

या भ्रमंतीत जे एक जाणून घ्यायचे ते मी स्वतः फजिती पावून शिकलो, म्हणून प्रथम तेच सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, मुले लहान असताना, ‘ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते’ एवढ्याच माहितीच्या भांडवलावर आम्ही अलिबाग गाठले. ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास आहे याची चौकशी केली होती; त्याप्रमाणे भर दुपारी आम्ही सर्वजण पाणी ओसरण्याची वाट पाहत वाळूत उभे राहिलो. बारा वाजले, साडेबारा वाजले, किल्ला समोर दिसत होता, आणि मधले पाणी मोठ्या माणसाच्या कमरेखाली उतरायला तयार नव्हते. शेजारी सुकटीची टोपली घेऊन बसलेल्या एका वृद्ध कोळीणबाईंनी आमची ती केविलवाणी प्रतीक्षा पाहून शेवटी सांगितले, “आज अष्टमी. भांग आहे. आज पाणी सुकायचं नाही.” आम्ही घड्याळ पाहून आलो होतो; तिथी पाहून आलो नव्हतो.

मांजरीतल्या शेतकऱ्याला वास्तविक हे निराळे सांगावे लागू नये. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आपल्या सवडीने येत नाही, त्याची पाळी ठरलेली असते, आणि पाळी मध्यरात्री आली तर मध्यरात्री उठून बारे द्यावे लागतात, हे ज्ञान आमच्या वाडवडिलांच्या हाडीमाशी खिळलेले होते. समुद्राचेही तसेच आहे. त्याची पाळी चंद्र ठरवतो, आणि ती कचेरीच्या रजेशी किंवा शाळेच्या सुटीशी जुळवून घेत नाही. तेव्हा जुळवून आपण घ्यावयाचे, आणि या लेखातील पुढचा सर्व तपशील या एका सूत्राचाच विस्तार आहे.

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येते, आणि पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास काळ जातो. भरतीची वेळ काढण्याचा दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी म्हणजे भरतीचा तास मिळतो. उदाहरणार्थ, चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणून पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सकाळी व रात्री सव्वानऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा; म्हणून ओहोटी बारा-सव्वाबाराला. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. हा अदमास अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होऊ शकतो; सबब छापील किंवा भ्रमणध्वनीवर मिळणाऱ्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी त्याची रुजुवात घालावी, आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर एखाद्या स्थानिक कोळ्याला विचारून मगच पाऊल टाकावे. कोष्टकाने सांगितले आणि कोळ्याने मनाई केली, तर कोळ्याचे ऐकावे.

मात्र ओहोटी किती वाजता आहे एवढे कळून भागत नाही. ती किती खोल आहे हेही कळले पाहिजे. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यापुढच्या एक-दोन दिवसांत चंद्र व सूर्य यांचे आकर्षण एका रेषेत येऊन उधाण येते. तेव्हा पाणी जसे फार चढते तसेच फार उतरतेही, आणि या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या दिवशी चढ-उताराचा फरक चार मीटरांच्याही वर जातो. सप्तमी-अष्टमी-नवमीच्या सुमारास तीच आकर्षणे एकमेकांच्या आड येतात, पाणी ना धड चढते ना धड उतरते, आणि फरक निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहतो. या मंद दिवसांना भांग म्हणतात. कुटुंबाच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष मोठा सोयीचा आहे. दोन्ही पक्षांतील द्वितीया, तृतीया आणि चतुर्थी या तीन तिथींना ओहोटी खोलही असते आणि ती सकाळी साडेसात ते सव्वानऊ या सुखद वेळेत येते. त्रयोदशी-चतुर्दशीला ती दुपारी चार ते पावणेपाचच्या सुमारास येते. हे दिवस किल्ल्यासाठी नव्हे, पण वाळूवरच्या संध्याकाळच्या फेरीसाठी उत्तम. अष्टमीच्या आसपासचे दिवस गावातील व गडांवरील भ्रमंतीसाठी राखून ठेवावेत.

आणखी एक गोष्ट मुलांना अवश्य समजावून सांगावी. भरतीचे पाणी सर्व वेळ सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात ते इतके सावकाश सरकते की पाहणारा निर्धास्त होतो. तिसऱ्या व चौथ्या तासांत मात्र एकूण चढाचा जवळजवळ निम्मा भाग ते उरकून टाकते. वाळूत रुतलेली मोटार किंवा खडकावर अडकलेली माणसे यांच्या बातम्या आपण वाचतो त्यामागे पुष्कळदा पहिल्या तासाच्या संथपणाने झालेली फसगतच असते.

पहिली वाट : कुलाबा किल्ला

अलिबागच्या किनाऱ्यापासून एक-दीड किलोमीटर आत, खडकाच्या एका पाठीवर कुलाबा किल्ला उभा आहे. शिवछत्रपतींनी १६८० मध्ये त्याच्या बांधणीस आरंभ केला, ती संभाजीराजांच्या काळात पूर्णतेस गेली, आणि पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे बनले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी संयुक्तपणे या ठाण्यावर चाल केली, पण ती निष्फळ ठरली. सध्याच्या रायगड जिल्ह्याचे १९८१ पर्यंतचे नाव कुलाबा जिल्हा असे होते, ते या किल्ल्यावरूनच.

पूर्ण ओहोटीची जी वेळ निघते तिच्या सुमारे एक तास आधी किनाऱ्यावर हजर असावे, पाणी घोट्याखाली आले की निघावे, आणि पूर्ण ओहोटीनंतर फार तर अर्ध्या-पाऊण तासात परतीचे पाऊल उचलावे. म्हणजे किल्ल्यात तास-सव्वा तास मिळतो आणि तो पुरेसा आहे. वाटेत वाळू, शेवाळलेले खडक आणि पाणी साचलेले खळगे आहेत. अनवाणी चालू नये, कारण खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारेने तळपाय कापतो. पायाला मागून पट्टा असलेली, भिजली तरी चालेल अशी पादत्राणे घालावीत. ज्या आजी-आजोबांना खडकावर चालणे झेपत नाही त्यांच्यासाठी घोडागाड्या मिळतात, पण गाडीवाल्याशी परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावी.

किल्ल्यापाशी पोहोचल्यावर घाईने आत शिरू नये. तटाचे प्रचंड चिरे पाहावेत आणि त्यांच्यामध्ये चुन्याचा दर्जा भरलेला नाही हे मुलांच्या नजरेस आणून द्यावे. चिऱ्यांच्या सांध्यांतील मोकळ्या जागांत लाटेचे पाणी शिरते, तेथे तिचा जोर विभागून जातो, आणि तट तिच्या धक्क्याला तोंड देत उभा राहतो; तीन शतकांहून अधिक काळ लाटा खाऊन टिकलेल्या या बांधणीतील शहाणपण दहा वर्षांच्या मुलालाही समजते. महाद्वारावरील पशुपक्ष्यांची शिल्पे, आतील गोड्या पाण्याची पुष्करणी, राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर, आणि उत्तरेच्या बाजूस चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या, यॉर्कशायरमधील लो मूर लोहकारखान्याचे नाव धारण करणाऱ्या दोन इंग्रजी तोफा, एवढे पाहिले म्हणजे झाले. चहूकडे खारे पाणी असताना मध्यभागी गोडे पाणी कसे, हा प्रश्न मुलांनी आपण होऊन विचारला तर समजावे की सहल सफल झाली. त्याचे उत्तर असे, की पावसाचे पाणी खडकात मुरून साठते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्याच्यावर तरंगून राहते.

दुसरी वाट : आक्षी ते नागाव

मूल कडेवर असेल, किंवा गुडघेदुखीने त्रस्त वडील बरोबर असतील, तर ही वाट सर्वांत योग्य. आधी एक खबरदारी : अलिबागचा किनारा धरून दक्षिणेस चालत आक्षीला जाता येईल असे नकाशावरून वाटते, परंतु मध्ये साखर गावाजवळची खाडी आडवी येते. ती ओहोटीला उथळ भासली तरी तिच्या मुखाशी प्रवाहाला ओढ असते आणि चिखलात पाय रुततात. म्हणून ती उतरून जाण्याचा विचारही करू नये. अलिबागपासून पाच-सहा किलोमीटरांवरील आक्षीला रस्त्यानेच जावे आणि तेथून नागावपर्यंत सलग पसरलेल्या वाळूवरून चालावे. एकेरी अंतर तीन-चार किलोमीटर. थकवा वाटेल तेथून वळून परत फिरण्याची मुभा प्रत्येक पावलावर आहे.

ही फेरी सकाळी करावी, आणि त्याचे कारण भौगोलिक आहे. आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळचे ऊन पाठीमागून, सुरूच्या बनाआडून येते आणि सूर्य बराच वर येईपर्यंत बनाची सावली वाळूवर पडलेली असते. संध्याकाळी मात्र तेच ऊन सरळ डोळ्यांवर. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळी मंदावतात, आणि दिवस चढल्यावर समुद्रावरून खारे वारे सुटतात. त्यांचा जोर वाढण्यापूर्वी परतलेले बरे. चालण्यासाठी पायाखालची जागाही निवडावी लागते. वरची कोरडी वाळू पायाला मागे खेचते आणि दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. पाण्यालगतची चिखलट पट्टी घसरडी असते. या दोहोंच्या मधली, नुकतेच पाणी ओसरून गेलेली ओलसर टणक पट्टी ही खरी वाट, आणि तिच्यावरून काठी टेकीत चालणारे आजोबाही नातवाच्या बरोबरीने चालू शकतात.

आक्षीचा किनारा पाणपक्ष्यांसाठी ख्यात आहे. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे, ओल्या वाळूत चोच खुपसीत धावणारे तुतवार आणि चिखले येथे दिसतात. त्यांच्यामागे मुलांना धावू देऊ नये : दूर देशांतून आलेले हे पाहुणे परतीच्या प्रवासासाठी अंगात बळ साठवीत असतात, आणि प्रत्येक वेळी उडावे लागले की त्यातील काही खर्च होते. वाळूवर बारीक मोहरीएवढ्या गोळ्यांची जी सुंदर नक्षी आढळते ती चिमुकल्या खेकड्यांची कारागिरी आहे. वाळूच्या कणांवरील सूक्ष्म अन्न खाऊन ते उरलेली वाळू गोळी करून टाकतात, आणि पुढच्या भरतीत सारी नक्षी पुसली जाऊन दुसऱ्या ओहोटीला पुन्हा मांडली जाते. पाच मिनिटे निश्चल उभे राहिले की खेकडे बिळांतून बाहेर येतात. घरी ज्या मुलाला पाच मिनिटे स्वस्थ बसवत नाही ते येथे आपण होऊन बसते, असा माझा अनुभव आहे.

नागावच्या बाजूस पाण्यातील खेळांच्या यांत्रिक नावा आणि वाळूवरील वाहने यांची वर्दळ दुपारनंतर वाढते. त्यापूर्वीच हा टप्पा उरकावा. परतताना आक्षी गावातील शिलालेखाचे दर्शन घ्यायला विसरू नये. शिलाहार राजा केशिदेव याच्या काळातील या लेखाचा शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा काळ डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी वाचला. अभ्यासकांत मतभेद असले तरी मराठी भाषेच्या आद्य लेखांत या शिळेची गणना होते. आपली भाषा दगडावर पहिल्या पहिल्यांदा ज्या गावी उमटली त्या गावची वाळू पायाला लागली आहे, ही जाणीव मुलांना देण्याजोगी आहे.

तिसरी वाट : रेवदंड्याचा तट आणि कोर्लईचे दीपगृह

भांगाच्या दिवसांत येणाऱ्या कुटुंबांनी अलिबागच्या दक्षिणेस सतरा-अठरा किलोमीटरांवरील रेवदंडा गाठावा. पोर्तुगिजांच्या कोटाचा तट येथे समुद्रालगत उभा आहे, त्याच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि वाड्यांच्या मधून एकेकाळी सात मजली असलेल्या सातखणी मनोऱ्याचा उरलेला भाग डोके वर काढतो. तटाच्या कडेने वाळूतून जाऊन कोटातील रस्त्याने परत यावे. दीड-दोन तासांची ही रमतगमत फेरी आहे. तट अनेक ठिकाणी खिळखिळा झाला आहे, म्हणून त्याच्यावर मुलांना चढू देऊ नये आणि त्याच्या छायेत विश्रांतीसही बसू नये. खाडीच्या मुखाशी पाण्यात उतरण्यास सक्त मनाई समजावी. शेजारचे चौल हे प्राचीन बंदर. रशियातील त्वेर नगराचा अफानासी निकितिन हा व्यापारी १४६९ च्या सुमारास येथेच उतरला, आणि विकण्यासाठी आणलेला घोडा बरोबर घेऊन घाट चढून आमच्या पुणे जिल्ह्यातील जुन्नरला पोहोचला. त्याचा स्मृतिस्तंभ रेवदंड्यात आहे. आपण ज्या दिशेने आलो त्याच्या उलट दिशेने साडेपाच शतकांपूर्वी एक माणूस घोड्यासह गेला, हे सांगितले की मुलांना घाट आणि बंदर यांचे जुने नाते चटकन कळते. ज्यांच्या अंगात उत्साह उरला असेल त्यांनी चौलच्या रामेश्वराची पुष्करणी पाहावी आणि पायऱ्या चढून दत्ताच्या टेकडीवर जावे.

रेवदंड्याच्या खाडीवरील पूल ओलांडला की कोर्लई. जमिनीचे एक चिंचोळे टोक समुद्रात शिरले आहे, त्याच्या पायथ्याशी दीपगृह आहे आणि माथ्यावर, डोंगराच्या अरुंद पाठीवर लांबट किल्ला. दीपगृहाकडून पायऱ्यांची जी वाट वर जाते ती आठ वर्षांवरील मुलांना सहज चढता येते. वर गेल्यावर एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस खुला समुद्र असा देखावा एकाच दृष्टिक्षेपात येतो. माथ्यावर सावली अत्यल्प आहे, सबब सकाळी दहापूर्वी खाली उतरलेले असावे. हा किल्ला आणि रेवदंडा ही दोन्ही ठिकाणे १७४० मध्ये मराठ्यांच्या अंमलाखाली आली. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या भाषेचा मराठीशी संकर होऊन बनलेली एक बोली कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबांत अद्याप बोलली जाते. ते तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. गावातून जाताना ती ऐकू आली तर आदराने ऐकावी. कोणाला बोलून दाखवण्याचा आग्रह धरू नये.

चौथी वाट : गावातल्या गावात

प्रवासाने शिणलेल्या पहिल्या संध्याकाळी किंवा घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीसाठी गावातीलच एक सपाट फेरी पुरे. कान्होजी आंग्रे ४ जुलै १७२९ रोजी निवर्तले. त्यांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, तेथून हिराकोट तळ्याच्या काठी यावे, कान्होजींनी बांधलेला हिराकोट बाहेरूनच पाहावा, कारण त्यात कारागृह आहे, आणि किनाऱ्यालगतच्या चुंबकीय वेधशाळेवरून सूर्यास्ताच्या सुमारास वाळूवर पोहोचावे. या वेधशाळेत पूर्वपरवानगीवाचून प्रवेश नसला तरी तिची हकिकत चालता चालता सांगण्यासारखी आहे. मुंबईत ट्रामगाड्या विजेवर चालणार असे ठरले तेव्हा त्या विजेच्या प्रभावाने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये येथे नवे ठाणे उभारण्यात आले, आणि त्या इमारतींत लोखंडाचा वापर कटाक्षाने टाळण्यात आला. पृथ्वीचे चुंबकत्व मोजण्यासाठी ज्या शांततेची गरज होती ती या गावी मिळाली. आपणही थोडीबहुत त्याच शोधात येथे आलेलो असतो.

बरोबर काय घ्यावे, काय पाळावे

सामानाची यादी लांबवू नये. माणशी दीड-दोन लिटर पिण्याचे पाणी, कानांवर सावली धरणाऱ्या टोप्या, मुलांसाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड, एक जुने सुती लुगडे (अंग पुसायला, सावली करायला, बसायला आणि दमलेले मूल पाठीशी बांधायला त्याच्याइतके उपयोगी दुसरे वस्त्र नाही), जखमेसाठी औषध व पट्ट्या, आणि गूळ-शेंगदाणे. न्याहारीचे पोहे मुक्कामावरच करून निघावे. वाळूवर प्रसाधनगृहाची सोय नसते, याचा विचार घरातील स्त्रियांसाठी आधीच व्हावा. मुक्काम किनाऱ्यापासून पायी पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर घेणे हा त्याचा उत्तम बंदोबस्त. अंतर ठरवताना कुटुंबातील सर्वांत अशक्त व्यक्तीला झेपेल त्याच्या निम्मेच एका दिशेने चालावे, कारण परतीची वाट नेहमी अधिक लांब वाटते.

पाण्याच्या बाबतीत काही नियम घरातील सर्वांना तोंडपाठ असावेत. मुलांनी गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, आणि गुडघ्यापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस पाण्यातच उभा असावा, वाळूवर नव्हे. समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. उथळ गढूळ पाण्यातून जाताना पाय उचलून न टाकता वाळूवर घासत न्यावेत, म्हणजे तळाशी पडून असलेला पाकट मासा बाजूला सरकतो आणि त्याच्या काट्याचा दंश टळतो. वाळूवर पडलेल्या जेलीसारख्या प्राण्याला, तो मेलेला दिसला तरी, हात लावू नये. कोणी प्रवाहात ओढला जाऊ लागल्यास त्याच्यामागे उडी न घेता दोर, नारळाचा झावळा किंवा हवेने भरलेली वस्तू त्याच्याकडे फेकावी, कोळीबांधवांना हाका माराव्यात आणि ११२ या क्रमांकावर खबर द्यावी.

आणि शेवटी शिष्टाचाराविषयी. किनारा हे आपले पर्यटनस्थळ असण्यापूर्वी कोळीवाड्याचे अंगण आहे. वाळत घातलेल्या मासळीवरून किंवा पसरलेल्या जाळ्यांवरून चालत जाणे म्हणजे मांजरीतील शेतकऱ्याच्या खळ्यातून पायताणासह जाण्यासारखेच. मासळीच्या वासाने नाक मुरडणाऱ्या मुलाला तेथल्या तेथे, पण हळू आवाजात, समज द्यावी. रिकामे शंख-शिंपले दोन-चार घ्यावेत, जिवंत असलेले जागच्या जागी ठेवावेत, आणि आपला कचरा आपल्याबरोबर परत आणावा. खरेदी करायचीच असेल तर हंगामात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची एक माळ घ्यावी. भौगोलिक मानांकन लाभलेला हा गोडसर कांदा स्वयंपाकघरात टांगलेला असेपर्यंत सहलीची आठवण ताजी राहते.

दोन दिवसांची तजवीज करणाऱ्यांनी द्वितीयेला दुपारी पोहोचून संध्याकाळी गावातील फेरी करावी, तृतीयेला सकाळी किल्ला, दुपारी पूर्ण विश्रांती आणि उन्हे उतरल्यावर रेवदंड्याचा तट, चतुर्थीला सकाळी आक्षी-नागाव आणि भोजनोत्तर प्रस्थान, असा क्रम ठेवावा. रविवार आणि या तिथी यांची सांगड वर्षात काही मोजक्याच वेळा बसते. म्हणून दिवाळीच्या सुमारास नवी दिनदर्शिका घरात आली की त्या तारखांभोवती मुलांकडूनच खुणा करवून घ्याव्यात. पाऊणपटीचा हिशेबही त्यांनाच करू द्यावा.

हे एकदा जमले की समुद्र मांजरीतूनही दिसू लागतो. आमच्या घराच्या गच्चीवरून संध्याकाळी अर्धा चंद्र माथ्यावर आलेला पाहून माझी नात हल्ली सांगते, की आज तिकडे भांग आहे, किल्ल्याची वाट काही उघडायची नाही. आणि पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी उशिरा उगवलेला चंद्र पाहिला, की उद्या सकाळी लोक कोरड्या पायांनी किल्ल्यात जातील, असे ती तितक्याच खात्रीने सांगते. ज्या पाण्याने आमच्याकडे पाठ फिरवली आहे असे आम्ही समजत होतो त्याची वेळ तिला आता आकाशाकडे पाहून कळते.